पैसे कचऱ्याच्या वजनाचे नकोत, कामाचे द्या : नाशिकच्या कचरा-करारांविषयी खुले पत्र

प्रति,
नाशिक शहराच्या घनकचरा व्यवस्थापनाचे करार लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय : घंटागाडी आणि खतप्रकल्पाच्या खासगी भागीदारीतील अटी बदलण्याबाबत

महोदय, महोदया,

मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून तिसऱ्या डब्यात, ही सवय आमच्या इमारतीला लागेपर्यंत बरीच भांडणे झाली. भाडेकरू बदलले की पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. तरी लोक करतात. आमच्याकडची वयस्कर मंडळी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतात. सकाळी घंटागाडी आली की हे तिन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होतात. गाडीच्या अंगावर हिरवा आणि निळा रंग आहे. मधला पत्रा निघून गेला आहे, तो बसवायच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. मदतनीस फावड्याने सगळे दाबून बसवतो, पुढच्या गल्लीतला कचरा मावला पाहिजे म्हणून.

त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, काट्यावर गाडी भरलेली दिसली पाहिजे. वेगळं करत बसलो तर फेरी होत नाही." मी तक्रार नोंदवली. काही दिवसांनी उत्तर आले, "संबंधित ठेकेदारास कळविण्यात आले आहे", आणि तक्रार बंद झाली. पत्रा आजही बसलेला नाही.

त्या मदतनिसाविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. तो आमच्या दारात उभा राहून त्याला जे सांगितले आहे तेच करतो. मला बोलायचे आहे ते त्याला असे वागायला लावणाऱ्या कागदाबद्दल, म्हणजे कराराबद्दल. तो कागद आपण लिहिता आणि आपणच मंजूर करता.

कचरा उचलणे ही महापालिकेने मेहेरबानी म्हणून दिलेली सोय नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत, त्यांत हे काम येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही घनकचरा व्यवस्थापन स्पष्ट लिहिलेले आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघर जाऊन वेगवेगळा केलेला कचरा वेगवेगळाच उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. काम ठेकेदाराकडून करून घेता येते. कर्तव्य ठेक्याने देता येत नाही. म्हणून "ठेकेदारास कळविण्यात आले आहे" हे उत्तर मला मान्य नाही.

खासगी भागीदारीला माझा सरसकट विरोध नाही, हेही सुरुवातीलाच सांगते. कचऱ्याच्या यंत्रांना मोठा पैसा लागतो, ती चालवणारी माणसे लागतात, सुटे भाग वेळेवर लागतात. शासकीय चौकटीत हे सगळे जमतेच असे नाही. नव्वदच्या दशकात घंटागाडी सुरू करून नाशिकने महाराष्ट्रात नाव कमावले. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांमध्ये आपण ११ वे आलो होतो. जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या मदतीने हॉटेलांतला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करून बायोगॅस आणि वीज तयार करण्याचा प्रकल्पही याच शहराने उभारून पाहिला. नवे करून बघायची या शहराची तयारी असते. म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार वजनाची. देशभर कचऱ्याच्या करारांचा एक साचा पडून गेला आहे : ठेकेदाराला प्रतिटन पैसे. गाडी वजनकाट्यावर चढते, आकडा येतो, आकड्याला दराने गुणले की बिल तयार. प्रकल्पावरची टिपिंग फी, म्हणजे आलेल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे शुल्क, तेसुद्धा टनावरच. आता या हिशेबात कोणाचा फायदा कशात आहे ते बघा. ओला आणि सुका एकत्र भिजला की जड होतो. त्यात माती, झाडलोटीची रेती, घरदुरुस्तीचा राडारोडा गेला की आणखी जड होतो. पावसाळ्यात तर नुसते पाणीच काट्यावर चढते. उलट एखाद्या सोसायटीने आवारातच खत केले, एखाद्या कचरावेचक बाईने पुठ्ठा आणि प्लॅस्टिक आधीच बाजूला काढले, तर गाडी हलकी होते आणि ठेकेदाराचे बिल कमी होते. म्हणजे शहराच्या दृष्टीने जे चांगले तेच करारात तोट्याचे. ठेकेदार कितीही सज्जन असला तरी रोज स्वतःच्या खिशाला खार लावून वर्गीकरण करेल, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

त्यात काही करारांमध्ये 'किमान इतके टन आम्ही देऊच' अशी हमी महापालिकेकडून लिहून घेतली जाते. प्रकल्पात पैसा घालणाऱ्याला खात्री हवी असते, हे समजते. पण वीस-तीस वर्षांच्या करारात अशी हमी अडकली की कचरा कमी करणे हीच शहरासाठी दंडाची गोष्ट होऊन बसते. आज जन्मलेले मूल शिकून कमावते होईपर्यंत ही अट शहराच्या गळ्यात राहणार. नाशिकच्या कोणत्याही करारात ती असेल तर काढावी, आणि पुढच्या एकाही करारात येऊ देऊ नये.

दुसरी तक्रार खताची आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नाशिकइतके सोपे गणित दुसऱ्या कुठल्या शहराला क्वचितच मिळाले असेल. शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त ओला कचरा असतो. पंचवटीच्या बाजार समितीत रोज भाजीपाल्याचा पाला पडतो. रामकुंडावर, मंदिरांत, गणेशोत्सवात निर्माल्याचे ढीग लागतात. आणि शहराच्या वेशीबाहेर निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवड आहे. द्राक्ष, कांदा, टोमॅटो, भाजीपाला. या जमिनींना सेंद्रिय कर्ब हवा आहे. पुरवठा इथे, गिऱ्हाईक तिथे, मध्ये तासा-दीड तासाचा रस्ता. तरीही शहरी खत म्हटले की द्राक्षबागायतदार मान हलवतो. का, ते मी माझ्या माहेरच्या शेतावर पाहिले आहे. दुसऱ्या एका शहरातून आलेल्या खताची गोण आम्ही मोकळी केली, तर त्यात शाम्पूच्या पुड्यांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा आणि एक इंजेक्शनची सुई निघाली. त्यात हात घालून कोण काम करणार? माझ्या भावाने ते खत बांधावर टाकले ते टाकलेच.

हे खत वाईट निघते त्याचे कारण प्रकल्पावर नसते, ते आमच्या दारातल्या गाडीत असते. कचरा एकत्र आला की प्रकल्पावर त्याचे ढीग लावतात, उलटवतात, कुजला की चाळणीतून काढतात. चाळणीखाली पडते ते खत. पण बारीक काच चाळणीतून पडते. बॅटरी, ट्यूबलाइट, रंगाचे डबे यांतले धातू तर कोणत्याच चाळणीला दिसत नाहीत, ते ओल्या कचऱ्यातल्या पाण्याबरोबर उतरून खतात मुरतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये शिसे किलोला १०० मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. एकत्र आलेल्या कचऱ्यातून ही मर्यादा पाळणे अवघड असते, हे या कामातली माणसे स्वतःच सांगतात. ज्या शेतकऱ्याची द्राक्षे युरोपला जातात, ज्याच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो, तो ही जोखीम घेणार नाही आणि त्याने घेऊही नये. मग खत पडून राहते, प्रकल्पाचे उत्पन्न बुडते, ठेकेदार महापालिकेकडे दरवाढ मागतो आणि उरलेला माल पुन्हा डोंगर होऊन बसतो. चाळणीवर राहिलेल्या प्लॅस्टिक-चिंध्यांचे आरडीएफ, म्हणजे कचऱ्यापासूनचे जळण, करून सिमेंट कारखान्यांना देता येते, पण तेही कोरडे असले तर. ओल्या कचऱ्यात लडबडलेले प्लॅस्टिक जाळायला कोणी आनंदाने घेत नाही.

एका निघालेल्या पत्र्यापासून हे सगळे सुरू होते. म्हणून त्याबद्दल मी इतकी हट्टी आहे.

तिसरी तक्रार गाडीवरच्या माणसांची. आमच्या गाडीवरचा मदतनीस हातमोज्यांशिवाय काम करतो. मध्यंतरी त्याच्या तळहाताला काच लागली होती, त्यावर चिंधी बांधून तो दुसऱ्या दिवशी आला. हातमोजे मिळतात का म्हटले तर म्हणाला, मिळाले होते, फाटले. त्याला पगार कधी होतो, किती होतो, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे तो नीट सांगू शकत नाही, कारण त्याच्या हातात पगाराची पावती येत नाही. ठेकेदार मजुरी देत नसेल तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आपल्याकडे आहे. इथे मुख्य मालक महापालिका आहे. ठेकेदाराची बिले महिनोन्महिने रखडतात आणि तो ते ओझे खाली ढकलतो, असेही होते. तेव्हा दोष दोन्ही बाजूंना असू शकतो. पण पगार थकला की गाडी थांबते, कोपऱ्यावर ढीग लागतो, आणि शिव्या खातो तो मदतनीसच.

कचरावेचकांचे तर नावही कुठल्या करारात दिसत नाही. या शहरातला कितीतरी पुठ्ठा, बाटल्या आणि लोखंड अजूनही त्यांच्याच पोत्यातून भंगाराच्या दुकानात पोहोचते. महापालिकेचा एक रुपया खर्च न होता. त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे २०१६ च्याच नियमांनी सांगितले होते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. तिथेही वाद झाले, दरवेळी मुदतवाढीसाठी झगडावे लागले. तरी भागीदारी फक्त मोठ्या कंपनीशीच होते असे नाही, हे त्या शहराने दाखवले. आपल्याकडे निविदेतल्या उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटीच अशा असतात की बायकांची सहकारी संस्था अर्जसुद्धा करू शकत नाही.

देखरेखीविषयी थोडक्यात. गाड्यांचे जीपीएस, फेऱ्यांची नोंद, हजेरी, ही माहिती ज्याच्या कामाची तपासणी करायची त्याच्याच माणसांकडून येत असेल तर ती तपासणी नव्हे. दंडाचे कलम असते. पण आज कडक दंड लावला आणि ठेकेदाराने हात वर केले, तर उद्या सकाळी सहा विभागांतला कचरा उचलणार कोण? या भीतीपोटी दंड नाममात्र राहतो. एकाच ठेकेदारावर सगळे शहर टाकले की महापालिकेची सौदा करण्याची ताकद संपते. स्वतःच्या काही गाड्या आणि स्वतःची काही माणसे प्रत्येक विभागात राखून ठेवली असती, तर हे बळ हातात राहिले असते.

आणि गुप्तता. करार मागितला की व्यापारी गुपिताचे कारण पुढे करता येते, कारण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये तसा अपवाद आहे. पण त्याच कलमात व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते असेही म्हटले आहे. आणि कलम ४ नुसार अशी माहिती कोणी मागायच्या आधीच प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. माझ्या दारातून रोज कोणता कचरा कोणत्या दराने उचलला जातो, यात गुपित कसले? मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळात करारांवर खुली चर्चा होण्याची उरलीसुरली जागाही नव्हती. त्या काळातले निर्णय वाईटच असतील असे मी म्हणत नाही. ते आता तरी सर्वांसमोर ठेवावेत, एवढेच म्हणते.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नाने आहेत, तीही भर पावसाळ्यात. तपोवनातल्या साधुग्रामापासून रामकुंडापर्यंत पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, निर्माल्य, चिखल, सगळे एकत्र पडणार. कुंभासाठीची कामे घाईत काढली जातात आणि घाईत जुन्याच निविदेच्या अटी उचलून चिकटवल्या जातात. भर पावसात टनावर पैसे दिले तर आपण चिखलाचे पैसे मोजू, आणि तो चिखल पाथर्डीच्या खतप्रकल्पावर वर्षानुवर्षे पडून राहील. गोदावरीत जे वाहून जाईल ते वेगळेच.

तेव्हा माझ्या मागण्या अशा :

१. कचऱ्याशी संबंधित सर्व चालू करार, त्यांची जोडपत्रे, मुदतवाढी आणि दरवाढी महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवा. त्यासोबत रोजच्या वजनकाट्याची नोंद आणि दर महिन्याला लावलेला व प्रत्यक्ष वसूल झालेला दंडही.

२. देयकाची पद्धत बदला. किती घरांपर्यंत वेळेवर गाडी गेली यावर एक भाग, आणि ओला-सुका वेगवेगळा किती पोहोचला यावर दुसरा भाग. ठरावीक मुदतीनंतर एकत्र कचऱ्याच्या गाडीला काट्यावर शून्य रुपये. हे एका विभागात सहा महिने करून पाहा, आमचा परिसर त्यासाठी तयार आहे. आमच्यातला जो वर्गीकरण करणार नाही त्यालाही दंड करा, आम्ही तक्रार करणार नाही.

३. कप्पे नसलेली किंवा पत्रा निघालेली एकही गाडी रस्त्यावर येऊ देऊ नका.

४. कामगारांच्या बँक खात्यात पगार आणि भविष्य निर्वाह निधी जमा झाल्याचा पुरावा असल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नका. आणि पुरावा असेल तर ते बिल ठरल्या दिवशी काढा, रखडवू नका. हातमोजे, बूट, धनुर्वाताचे इंजेक्शन याची नोंद वॉर्डात ठेवा.

५. खताच्या प्रत्येक खेपेची तपासणी ठेकेदाराच्या पैशाने नको, महापालिकेने नेमलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळेतून करा. अहवाल शेतकऱ्यांना गोणीसोबत द्या. निफाड-दिंडोरीच्या काही बागायतदारांना प्रकल्पावर बोलवा आणि त्यांना कसले खत हवे ते ऐका.

६. कचरावेचकांना ओळखपत्रे द्या आणि सहाही विभागांत त्यांना सुका कचरा वेचण्यासाठी छप्पर, वीज, पाणी असलेली जागा द्या. लहान वॉर्डांच्या निविदांत सहकारी संस्थांना अर्ज करता येईल अशा अटी ठेवा.

७. आवारात खत करणाऱ्या सोसायट्यांना घरपट्टीत ठोस सवलत द्या, आणि किमान टनांची हमी देणारे कलम जिथे असेल तिथे ते वाटाघाटीने काढा.

८. सिंहस्थासाठीच्या कचरा निविदा अंतिम करण्याआधी त्यांचा मसुदा नागरिकांसमोर ठेवा, हरकती घ्या, आणि सहाही विभागांत एकेक जाहीर सुनावणी घ्या. संध्याकाळी घ्या, म्हणजे नोकरदार आणि घंटागाडीवरचे कामगार दोघांनाही येता येईल.

या पत्राला मला लेखी उत्तर हवे आहे, प्रत्येक मागणीपुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' आणि अमान्य असेल तर कारण. ते उत्तर मी आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावेन आणि शेजारच्या सोसायट्यांनाही देईन. सुनावणी ठेवलीत तर आमच्या भागातून माणसे घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

आपली,
पाथर्डी फाटा परिसरातील एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव आणि नियमित घरपट्टी भरणारी नाशिककर